ट्रॅक्टर तापतो? आधी पाण्याकडे बघा



आज आपण जुन्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरविषयी आणि आखाड्यावरच्या ऑइल इंजिनाच्या पाण्याविषयी बोलणार आहोत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत वीस-वीस, तीस-तीस वर्षे राबलेले ट्रॅक्टर अजून पुष्कळ आहेत. महिंद्राचा बी-२७५, मॅसी फर्ग्युसनचा १०३५, एच.एम.टी.चा २५११, स्वराजचा ७३५ ही नावे तुम्हांला घरच्या बैलांच्या नावांसारखी पाठ आहेत. ही यंत्रे मजबूत आहेत. वेळच्या वेळी तेल-पाणी पाहिले तर आणखी कितीतरी वर्षे चालतील. पण उन्हाळ्याची नांगरट सुरू झाली की एक तक्रार गावोगाव ऐकू येते : "साहेब, दोन तास झाले की काटा लाल पट्ट्यात जातो. मेस्त्री म्हणतो इंजिन उतरवावं लागंल."

इंजिन उतरवायचे म्हटले की एका हंगामाच्या सोयाबीनचे पैसे गेलेच म्हणून समजा. काहीजण तर वैतागून ट्रॅक्टर मिळेल त्या किमतीला काढून टाकतात. काही ठिकाणी बिचाऱ्या ड्रायव्हरवर ठपका येतो की यानेच जोरात पळवला. वास्तविक अशा कितीतरी इंजिनांत पिस्टनही शाबूत असतो आणि लायनरही शाबूत असते. दोष असतो तो आपणच भरलेल्या पाण्याचा, आणि त्या पाण्याने आत धरलेल्या क्षाराच्या थराचा. तो थर घरच्या घरी, थोड्या खर्चात काढता येतो. तो कसा काढायचा आणि पुन्हा धरू नये म्हणून काय करायचे, हे आज क्रमाने पाहू.

इंजिन तापते कशाने?

आपण टाकीत जे डिझेल ओततो, त्याच्या सगळ्या उष्णतेचे काम होत नाही. साधारण तिसरा हिस्सा कामाला लागतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर नळीवाटे जातो, आणि उरलेला बहुतेक हिस्सा पाण्याला बाहेर नेऊन टाकावा लागतो. सिलिंडरच्या भोवती पाण्याची पोकळी असते, तिला जॅकेट म्हणतात. जॅकेटमधले पाणी उष्णता घेते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून खाली उतरते, पंख्याच्या वाऱ्याने थंड होते आणि पुन्हा इंजिनात जाते. हे रहाट चालू आहे तोवर इंजिन सुखरूप.

आता आपल्या पाण्याचा विचार करा. लातूर जिल्ह्याखाली आणि नांदेडच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे. देगलूर-बिलोलीकडे गेले की ग्रॅनाइटचा दगड लागतो. दगडाच्या फटींतून मुरताना पाणी चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. बोअर जितके खोल, तितका पाण्याचा दगडाशी सहवास जास्त, म्हणून खोल बोअरचे पाणी बहुधा अधिक जड लागते. लातूरकरांना तर खोलीचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते दिवस सगळ्यांना आठवतात. अशा दुष्काळात जो तो आणखी खाली जातो, आणि जे पाणी हाती लागते तेच घागरीत येते, तेच रेडिएटरमध्येही जाते.

जड पाणी तापले की त्यातला विरघळलेला चुना घट्ट होऊन बसतो. हे तुम्ही घरी पाहिलेले आहे. पाणी तापवायच्या बंबाच्या आत जो पांढरा, खरबरीत थर धरतो, विजेच्या कॉइलवर जी कवची चढते, तोच हा प्रकार. कॉइलवर कवची चढली की पाणी तापायला वेळ लागतो. इंजिनात याच्या उलट अडचण होते. सिलिंडरची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि बीड आतल्या आत तापत राहते. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत हा थर बिडाच्या मानाने वीस पटींहूनही अधिक मंद आहे. म्हणून नखाएवढा थरसुद्धा पुरेसा त्रास देतो.

थोडा हिशोब करून पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. समजा तुमच्या बोअरचे पाणी ६०० चे आहे. रेडिएटर गळका आहे, किंवा झाकण सैल आहे, म्हणून ड्रायव्हर रोज एक लिटर पाणी वर ओततो. वर्षात २०० दिवस काम झाले, तर २०० लिटर पाणी गेले. पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार काही उडत नाही. लिटरमागे ६०० मिलिग्रॅम म्हणजे वर्षाला १२० ग्रॅम. दहा वर्षांत सव्वा किलो होतो. थोडा गळतीबरोबर बाहेर जाईल हे खरे, पण उरलेला कुठे बसत असेल? सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडमध्ये आणि सिलिंडरच्या वरच्या अंगाला. शिवाय बीड गंजते. त्या गंजाचा तांबडा गाळ पाण्याच्या पंपापासून लांबच्या, म्हणजे मागच्या सिलिंडरच्या बुडाशी साठतो.

आधी एवढे तपासा

क्षार काढायला बसण्यापूर्वी दुसरे साधे कारण नाही ना, याची खात्री करा. पाच मिनिटांचे काम आहे.

पहिले, पाण्याची पातळी. इंजिन थंड असताना झाकण उघडून बघा.

दुसरे, पंख्याचा पट्टा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबत असेल तर पट्टा घसरतो, मग पंखाही मंद आणि पाण्याचा पंपही मंद.

तिसरे, रबरी नळ्या. खालची नळी जुनी होऊन मऊ पडली असेल तर इंजिनाने वेग घेताच ती ओढीने चपटी होते आणि पाणी अडते.

चौथे, रेडिएटरचे झाकण. आतले रबर फाटले आहे का, स्प्रिंग मेली आहे का ते बघा. हे झाकण कुकरच्या शिटीसारखे काम करते. आत दाब राहिला की पाणी शंभर अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकण खराब झाले की पाणी लवकर उकळते आणि उतू जाते. झाकणाऐवजी चिंधी कोंबून ट्रॅक्टर चालवणारे लोक आहेत. नवे झाकण एका मजुराच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा काही महाग पडत नाही.

पाचवे आणि महत्त्वाचे, इंजिनाचे तेल. डिपस्टिक काढून बघा. तेल ताकासारखे पांढरट दिसले, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर हेडचे गॅसकेट गेले असेल किंवा हेडला तडा असेल. मग घरी सफाई करत बसू नका. ट्रॅक्टर चालवूही नका. ते मेस्त्रीचे काम आहे.

या पाचही गोष्टी ठीक आहेत, रिकाम्या इंजिनाला त्रास नाही, पण नांगर धरला की काटा चढतो, पाणी तांबडे येते आणि झाकणाखाली नळ्यांच्या तोंडाशी पांढरी-पिवळी कवची दिसते, असे असेल तर क्षार धरला आहे असे समजावे.

बाहेरची सफाई आधी

आपल्याकडे ट्रॅक्टर नुसता नांगरत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, पुढे तुरीची, हरभऱ्याची, आणि नांदेडच्या हळदीच्या गावांत हळद पॉलिश करायचा ड्रमसुद्धा त्याच्यावरच फिरतो. मळणीयंत्राशेजारी दिवसभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा पंखा सगळे भुसकट आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत ओढून घेतो. त्यात डिझेल-तेलाचा ओशटपणा मिसळला की गोधडीसारखा जाड थर बसतो. मग आत गंगेचे पाणी भरले तरी वारा लागणार कसा?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. जाळी सोडवून घ्या. मऊ ब्रशाने सुके भुसकट झाडा. नंतर पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूला, म्हणजे वारा ज्या दिशेने येतो त्याच्या उलट, पाणी किंवा हवा मारा. पुढून मारली तर घाण आणखी आत जाऊन बसते. धार जोराची नको आणि तिरपी तर नकोच, पातळ पत्र्या लगेच वाकतात. ओशट असेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी शिंपडून दहा मिनिटांनी धुवा. मळणीच्या दिवसांत जाळी रोज संध्याकाळी झाडावी.

कुणाकडे जुना हवेने थंड होणारा आयशर असेल तर त्याला रेडिएटरच नसतो. त्याच्या सिलिंडरभोवतीच्या पाकळ्या आणि हवेचा मार्ग याच पद्धतीने स्वच्छ ठेवा. पुढची क्षाराची भानगड त्याला नाही.

आतली सफाई

या कामाला एक सकाळ काढावी. लागणारे सामान : अर्धा किलो लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक अ‍ॅसिडचे पांढरे खडे, पाव किलो धुण्याचा सोडा, दोन बादल्या, पाण्याची नळी, जाड तार, रबरी हातमोजे, आणि डोळ्यांना चष्मा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये साधारण आठ-दहा लिटर पाणी मावते. दहा लिटरचे प्रमाण पुढे दिले आहे. तुमच्या यंत्रात किती मावते ते पाणी काढताना बादलीने मोजून घ्या.

पहिली पायरी. इंजिन थंड असताना झाकण काढा आणि पाणी सोडा. तोट्या दोन असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक रेडिएटरच्या खाली आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूला. ब्लॉकची तोटी वर्षानुवर्षे कुणी उघडलेली नसते, म्हणून सगळा गाळ तिथेच राहतो. उघडूनही पाणी आले नाही तर तारेने तोंड मोकळे करा. रेडिएटरमध्ये आधी कूलंट भरलेले असेल तर ते वेगळ्या भांड्यात धरा, त्याविषयी पुढे सांगतो.

दुसरी पायरी. थर्मोस्टॅट काढून ठेवा. तो हेडच्या वर, वरची नळी जिथे बसते त्या डब्यात असतो. दोन्ही रबरी नळ्या सोडवा. आता पाणी उलटे फिरवायचे. रेडिएटरमध्ये खालच्या तोंडातून पाणी सोडा, ते वरच्या तोंडातून बाहेर पडू द्या. इंजिनात वरून, थर्मोस्टॅटच्या जागेतून सोडा, खालून बाहेर पडू द्या. नेहमीच्या उलट दिशेने पाणी गेले की अडकलेला गाळ सुटतो. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. नळाचा दाब बेताचा ठेवा, जुना रेडिएटर जोर सहन करत नाही.

तिसरी पायरी. झाकणाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओशटपणा दिसला तरच ही करा. नळ्या जोडा. दहा लिटर गरम पाण्यात पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवून भरा, अर्धा तास इंजिन हळू चालवा, निवल्यावर काढून साध्या पाण्याने दोनदा धुवा. लिंबूसत्त्वाला थरापर्यंत पोचू द्यायचे तर वरचे तेल आधी निघाले पाहिजे. ज्यांच्या इंजिनाचे हेड किंवा पंप अ‍ॅल्युमिनियमचा आहे त्यांनी ही पायरी गाळावी, सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो.

चौथी पायरी, ही मुख्य. अर्धा किलो लिंबूसत्त्व बादलीभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, गाळून रेडिएटरमध्ये ओता आणि वर पाणी भरून दहा लिटर पुरे करा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग असतील तर प्रमाण निम्मे घ्या. झाकण नुसते वर ठेवा, आवळू नका. आंबट पाणी चुन्याला लागले की वायू सुटतो, फेस येतो, त्याला वाट पाहिजे. चिंचेने तांब्याचा बंब घासताना जे होते, तेच इथे इंजिनाच्या पोटात होते. इंजिन कमी वेगावर, काहीही ओझे न लावता चालू ठेवा. पाणी चांगले तापल्यावर आणखी वीस-पंचवीस मिनिटे चालवा. काट्यावर लक्ष ठेवा. मग बंद करा.

पाचवी पायरी. रेडिएटरला हात लावून ठेवता येईल इतके निवले की दोन्ही तोट्या उघडा. अगदी गार होईपर्यंत थांबू नका, नाहीतर सुटलेला गाळ पुन्हा खाली बसतो. पाणी गढूळ, तांबूस-हिरवट निघेल. खूपच गढूळ आले तर दुसऱ्या दिवशी एकदा पुन्हा हेच करा. पण आंबट पाणी रात्रभर आत ठेवू नका, क्षार संपला की ते धातूला लागते.

सहावी पायरी. साध्या पाण्याने दोनदा धुवा. मग दहा लिटर पाण्यात मूठभर, साधारण पन्नास ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून पाच-दहा मिनिटे चालवा, म्हणजे कोपऱ्यांत राहिलेला आंबटपणा मरतो. अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनी इथे खाण्याचा सोडा वापरावा. पुन्हा दोनदा धुवा. शेवटचे पाणी नितळ पाहिजे.

बादलीत काढलेल्या आंबट पाण्यात फेस यायचा थांबेपर्यंत सोडा घाला, आणि विहिरीपासून, ओढ्यापासून, जनावरांच्या हौदापासून दूर मुरमाड जागी ओता.

सातवी पायरी. थर्मोस्टॅट परत बसवण्यापूर्वी पारखून घ्या. पातेल्यात दोरीने लटकवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर अंशांचा आकडा कोरलेला असतो. साधारण तेवढ्या उष्णतेला तो उघडू लागला पाहिजे, आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा आणा. "थर्मोस्टॅट काढून फेका, ट्रॅक्टर तापायचा नाही," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेल पातळ होते आणि लायनर लवकर झिजते. तापण्याचे मूळ कारण मात्र आहे तिथेच राहते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर दोष देणार नाही. फार जुन्या रेडिएटरमध्ये काही भोके क्षारानेच बुजलेली असतात. क्षार निघाला की गळती दिसू लागते. घाबरू नका. गळती आधीपासूनच होती, आता ती उघडी पडली एवढेच. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात, त्यांना डाग देता येतो. नळ्या पूर्णच बुजल्या असतील तर रेडिएटरचे काम करणारा कारागीर वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवतो. हळद घालून किंवा मिरची पूड टाकून गळती थांबवायचा उपाय करू नका, ती पूड बारीक नळ्यांतच जाऊन बसते.

हे मात्र कधीही करू नका

तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नका. दाबाखालचे पाणी झाकण सैल होताच उसळून वाफ होते आणि तोंड, हात, छाती भाजते. चालवणारा बहुधा घरचा तरुण पोरगा असतो. ट्रॅक्टर त्याच्या हाती देण्यापूर्वी त्याला हे दहा वेळा सांगा.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. लाल झालेल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखे होते, बिडाला तडा जातो. शेतात काटा चढला तर काम थांबवा, नांगर उचला, दोन-चार मिनिटे इंजिन हळू चालू ठेवा म्हणजे पंखा फिरत राहील, मग बंद करून सावलीला बसा. पट्टाच तुटला असेल किंवा पाणी सगळे गेले असेल तर मात्र लगेच बंद करा. चांगले निवल्यावरच झाकणाला हात लावा.

संडास धुण्याचे तेजाब, म्हणजे मुरियाटिक अ‍ॅसिड, इंजिनात घालू नका. क्षार पटकन जातो हे खरे, पण त्याच्याबरोबर बीड, डाग आणि पितळही जाते. कॉस्टिक सोडाही घालू नका. लिंबूसत्त्व आणि सोडा एकदम एकत्र करू नका. दोन्ही एकमेकांना मारतात आणि नुसता फेस हाती लागतो.

आता पाणी कोणते भरायचे?

एवढे धुऊन पुन्हा बोअरचेच पाणी भरले तर दोन वर्षांनी परत हेच काम. म्हणून खरा उपाय इथे आहे.

सर्वांत उत्तम पावसाचे पाणी. पहिले एक-दोन पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीखाली स्वच्छ ड्रम ठेवा. एका ट्रॅक्टरला वर्षभर पुरेल एवढे पाणी एका चांगल्या सरीत मिळते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून "ट्रॅक्टर" असे लिहून ठेवा. पावसाचे नसेल तर बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी किंवा गावातल्या आर.ओ. यंत्राचे पाणी घ्या. तेही नसेल तर पाणी दहा मिनिटे उकळा, रात्रभर निवू द्या आणि वरचे नितळ घ्या. उकळल्याने काही क्षार भांड्याच्या बुडाशी बसतो. सगळा जात नाही, पण निम्मे दुखणे कमी होते. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही, हे ध्यानात ठेवा.

आपले पाणी किती जड आहे हे घरी ओळखायचे असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत बोअरचे. दोन्हींत सारखाच किसलेला अंगाचा साबण टाकून हलवा. बोअरच्या बाटलीत फेस न होता पांढरा साका झाला तर पाणी जड. वरणाची डाळ शिजायला वेळ लागते हीसुद्धा एक खूण आहे. पक्का आकडा पाहिजे असेल तर माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. तो अहवाल ठिबकच्या नळ्यांसाठीही कामाला येतो, कारण त्यांच्या छिद्रांत बसणारा क्षार हाच.

पाण्यात कूलंट मिसळावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे कुणी विचारील. त्यात गंजरोधक असते आणि त्याने उकळण्याचा अंशही वाढतो, म्हणून घालायचे. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे कूलंट आणि निम्मे हलके पाणी. दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नका. आणि हे फार महत्त्वाचे : बहुतेक कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. जनावर ते आवडीने पिते आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, अंगणात उघडे ठेवू नका, गटारीत सोडू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका, घरात लेकरे असतात.

आणखी एक. "मी दर आठवड्याला रेडिएटरचं पाणी बदलतो," असे काहीजण अभिमानाने सांगतात. जड पाणी वारंवार बदलणे म्हणजे दर वेळी नवा क्षार आत घालणे. तेच ते पाणी फिरत राहिले तर त्यातला क्षार एकदाच बसतो आणि संपतो. म्हणून चांगले पाणी भरा, गळती बंद करा, आणि मग त्याला उगीच हात लावू नका.

आखाड्यावरचे ऑइल इंजिन

विजेची लाइन शेतात यायच्या आधी आपल्या विहिरींवर डिझेलची इंजिनेच होती. किर्लोस्करांनी भारतात डिझेल इंजिन बनवायला १९२६ साली सुरुवात केली, आणि पुढे राजकोटकडची इंजिनेही गावोगाव आली. लाइट जाते तेव्हा अजूनही तीच उपयोगी पडतात. यांतल्या पुष्कळ इंजिनांना पंपाच्या पाइपातून एक बारीक नळी जोडलेली असते. विहिरीचे पाणी एका बाजूने जॅकेटमध्ये जाते आणि दुसऱ्या बाजूने पाटात पडते. यात दोन तोटे आहेत. दर तासाला नवे पाणी, म्हणजे नवा क्षार. आणि पाणी फार गार असल्याने इंजिन कधी नीट गरमच होत नाही.

यावर सोपी युक्ती म्हणजे ड्रम. दोनशे लिटरचा स्वच्छ ड्रम इंजिनाशेजारी ओट्यावर ठेवा. ड्रमच्या तळाजवळून एक नळी इंजिनाच्या खालच्या तोंडाला आणि इंजिनाच्या वरच्या तोंडातून दुसरी नळी ड्रमच्या वरच्या भागात जोडा. ही वरची नळी सतत वर चढती पाहिजे, आणि ड्रममधले पाणी तिच्या तोंडाच्या वर राहिले पाहिजे. गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार पाणी खालून त्याची जागा घेते. पंप लागत नाही. ही काही नवी कल्पना नाही. १९०८ साली अमेरिकेत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या बहुतेक गाड्यांना पाण्याचा पंप नव्हता, त्या याच तत्त्वावर थंड होत. आजही अशा जुन्या मोटारी जपणारे हौशी लोक बंद पडलेली गाडी बाहेर काढली की रेडिएटर आणि जॅकेट धुऊन मगच चालू करतात. आपले ऑइल इंजिन त्यांच्याच भावकीतले आहे.

ऑइल इंजिनाची आतली सफाई वरच्याच पद्धतीने करा. जॅकेटला बाजूने झाकणाची प्लेट असेल तर ती खोलून, गाळ लाकडी काडीने खरवडून काढा आणि नवे पॅकिंग घालून बसवा.

केव्हा करायचे?

श्रावणात पेरण्या आणि कोळपण्या उरकलेल्या असतात, मळणी लांब असते. ट्रॅक्टर मोकळा असतो आणि पन्हाळीला पाणीही असते. याच श्रावणाच्या अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्यांना तूप-हळद लावतो. आता पुष्कळ दारांत बैलांच्या जागी ट्रॅक्टर उभा आहे, आणि लोक पोळ्याला त्यालाही हार घालतात. हार जरूर घाला, पण त्याच्या आधल्या आठवड्यात त्याचे पोटही धुऊन काढा. दोन-तीन वर्षांतून एकदा आतली सफाई पुरे, मात्र बाहेरची जाळी, पट्टा आणि झाकण दरवर्षी पाहायचेच. ज्या तारखेला सफाई केली ती तारीख ट्रॅक्टरच्या टूल-बॉक्सच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. इंजिन तापले की आधी पाणी, पट्टा, नळ्या, झाकण आणि तेल तपासा. तेल पांढरट असेल तर थेट मेस्त्रीकडे.

२. बाहेरची जाळी पंख्याच्या बाजूने पुढे धुवा. मळणीत रोज झाडा.

३. तोट्या दोन आहेत. ब्लॉकची तोटी विसरू नका.

४. दहा लिटरला अर्धा किलो लिंबूसत्त्व, झाकण सैल, वीस-पंचवीस मिनिटे. मग दोनदा धुणे, थोडा सोडा, पुन्हा दोनदा धुणे.

५. तेजाब नको, कॉस्टिक नको, गरम इंजिनावर गार पाणी नको.

६. गरम असताना झाकण उघडायचे नाही, म्हणजे नाहीच.

७. पावसाचे पाणी साठवा. कूलंट लेकरांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा.

बंधूंनो, विहिरीचे पाणी गोड की मचूळ हे आपण चाखून ओळखतो. यंत्राला जीभ नाही, त्याने ते काट्यावर दाखवले आहे. काटा चढला म्हणून लगेच इंजिन उतरवायला देऊ नका, की ड्रायव्हरला बोल लावू नका. एक सकाळ आणि अर्धा किलो लिंबूसत्त्व त्याच्यासाठी खर्च करा, आणि त्यानंतरही ट्रॅक्टर तापला तर मगच मेस्त्रीला बोलवा. या कामात काही अडचण आली तर कार्यक्रमाला पत्र लिहा, किंवा तुमच्या गावाच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला गाठा.